बाबांची कुलूपबंद फाइल

आमची ओळख छत्रीमुळे झाली. वाऱ्याने उलटलेल्या माझ्या छत्रीची काडी त्याच्या दुकानाच्या दारात अडकली, आणि तो पक्कड घेऊन बाहेर आला. "कॉम्प्युटर रोज दुरुस्त करतो. छत्री पहिल्यांदाच!" आगाऊ कुठला! बाबांना जाऊन महिना झाला होता, आणि महिन्याभरात मी पहिल्यांदा हसले.

पुढच्याच आठवड्यात बाबांचा रखडणारा लिनक्सचा लॅपटॉप त्याच्याकडे नेला. "सगळं पुसून नवी सिस्टिम घालतो. आधी फाइली पेनड्राइव्हवर काढून घ्या." मी घेतल्या. नंतर काही ना काही निमित्त काढून जातच राहिले... आई सगळं ओळखून होती.

आज मात्र काम खरं होतं. आजारपणात बाबांनी माझ्यासाठी स्वतःच्या आवाजात काहीतरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. सगळं कुलपात ठेवायची त्यांची खोडच. 'पोरगी जरा सावरली की दे,' म्हणून पासवर्ड आईकडे देऊन गेले. आईने तो काल दिला, पण फाइल काही उघडेना.

"कुलूप उघडणारा प्रोग्रामच सापडत नाही म्हणतोय," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "नव्या सिस्टिममध्ये आलेला नाही. दोन मिनिटांत घालतो."

"तुमची दोन मिनिटं माहीत आहेत मला. मागे तीन चहा झाले होते."

"घाईत आहात?"

"नाही —" म्हटलं, आणि उगाच लाजले.

प्रोग्राम बसला. मी कान टवकारले. स्क्रीनवर एकच ओळ आली: गुप्त किल्ली नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पासवर्ड चुकला का?"

"नाही... नुसत्या पासवर्डने भागत नाही. किल्लीची फाइल वेगळी असते, लपवलेल्या फोल्डरमध्ये. तुम्ही दिसलं तेवढं घेतलंत. लपवलेलंही घ्या, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि डिस्क मीच पुसली."

दुपारपर्यंत तो ती डिस्क धुंडाळत बसला. शेवटी म्हणाला, "किल्ली गेली. काहीच मिळत नाही."

मला रडू कोसळलं. बाबांचा आवाज तिथेच होता, माझ्यासमोर, आणि तो मला कधीच ऐकू येणार नव्हता.

"बाबाच किल्ली ठेवायला विसरले म्हणाला असतात, तरी मला पटलं असतं," मी डोळे पुसत म्हणाले. "खोटं का नाही बोललात?"

"तुमच्याशी खोटं नाही बोलवत. तुम्ही मला आवडता. फार. आज हे बोलायचं माझं तोंड नाही, पण... तुम्ही आता परत येणार नाही."

राग तर असा आला होता, की लॅपटॉप उचलावा आणि चालू पडावं. पण पाय उचलेचनात.

"तुम्हीही मला आवडता," मी म्हणाले. "आणि आज मला हे अजिबात नको होतं."

तो उठला. "चला. आईंना मी सांगतो."

मी नको म्हटलं नाही. पण घरापर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलले नाही.