एकाच वायरवरचा तिसरा

आवाजाची वायर रंगमंचाच्या डाव्या अंगाने न्यायची, दिव्यांची उजव्या अंगाने. वहिनींच्या नवऱ्याने घालून दिलेला हा दंडक तो गेल्यावरही त्यांनी पाळला. दोन्ही जवळ आल्या की स्पीकर घोंघावतो, तो म्हणायचा. वेटोळं घालताना रबराचा वास त्याच्या हातांना लागायचा, तो त्यांना अजून आठवे. पण दिवे सांभाळणारे धाकटे दीर नव्याचे भोक्ते. त्यांनी नेटवर्कचा एक डबा आणला आणि आवाज, दिवे, सगळं एकाच वायरवर घातलं. डब्याच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या आणि दिव्यांच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या असतात; घाईत ते राहून गेलं.

दुपारची तालीम म्हणजे वहिनींच्या सुनेची परीक्षाच होती. घशाच्या ऑपरेशननंतर पोर वर्षभर घरी बसून होती. आज आवाज टिकला तर भूमिका तिची, नाहीतर दुसरीची, असं दिग्दर्शकाने तोंडावर सांगितलं होतं.

वरच्या कंट्रोल खोलीत वहिनींनी हेडफोन चढवला. मिक्सरच्या पडद्यावर एक माइक जास्तीचा दिसत होता. त्याला नाव नव्हतं आणि तो कुणी लावलाही नव्हता. त्यांनी तो ऐकून पाहिला.

कोणीतरी चघळत होतं. बिनदातांच्या हिरड्यांनी, सावकाश, लाळ घोळवत. मग मोठा घोट. त्या घोटासरशी समोरचा एक दिवा मंदावला आणि पुन्हा उजळला. परत चघळणं सुरू. वहिनींनी हेडफोन काढला तर कानावरच्या गाद्या चिकट झालेल्या, त्यांना शिळ्या तोंडाचा वास. रुमालाने कितीदा पुसलं तरी कानाची ओल जाईना.

त्यांनी दिरांना बोलावलं. वहिनींचा जीव अजून जुन्या वायरींतच अडकलाय म्हणून ते आधी हसले. मग हेडफोन लावला आणि हसू ओठांवरच सुकलं.

"उंदीर असेल."

"भाऊजी, उंदराला इतकी लाळ असते?"

दिरांनी डब्यातल्या वाटा वेगळ्या केल्या. जास्तीचा माइक पडद्यावरून गेला. दोघांनीही सुस्कारा सोडला.

सून गालाला माइक चिकटवून उभी राहिली. पहिल्याच वाक्याला वहिनींना भरून आलं. आवाज आजारापूर्वीपेक्षाही गोड, भरदार. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळूवरून जीभ सुटल्याचा बारीक आवाज येई. पचक.

वहिनींनी सुनेच्या माइकची आवाज कमी-जास्त करायची पट्टी हळूच खाली ओढली. पार तळाला नेली.

आवाज तसूभरही कमी झाला नाही.

खाली दिग्दर्शक डोळे मिटून डोलत होता. वहिनींच्या तोंडात आंबट पाणी आलं. ते त्यांनी गिळलं आणि पट्टी गुपचूप जागेवर नेली.

तालीम संपली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवून भूमिका तिचीच म्हणून सांगितलं. सून धावत वर आली. चेहरा पांढराफटक. घशातून नुसती खरखर.

"आई, माझा आवाज फुटलाच नाही. मी ओठ हलवत होते."

वहिनींनी डब्यातून वायर उपसली. ती कोमट होती. बोटांना लाळेची बुळबुळीत तार लागली.

"उद्यापासून रोज दुपारी जमेल ना गं?" खालून दिग्दर्शकाने विचारलं.

सुनेने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"जमेल की," सगळे स्पीकर तिच्या आवाजात गोड बोलले.

आणि कोणीतरी सावकाश घोट गिळला.