खोकला राहू द्या

मधुसूदनरावांच्या आयुष्यातला शेवटचा साधासुधा दिवस इस्त्रीवरून झालेल्या भांडणानं सुरू झाला. संध्याकाळच्या कार्यक्रमाला घालायचा पांढरा सदरा त्यांना स्वतःच इस्त्री करायचा होता आणि त्यांच्या पत्नीला, पद्मजाबाईंना, त्यांच्या हाती इस्त्री द्यायची नव्हती. शेवटी त्यांची मुलगी नीरजा मध्ये पडली. सदरा तिनं इस्त्री केला, आणि मग दोघंही तिच्यावरच रुसले.

संध्याकाळी बापलेक ज्योतीनगरातून चिकलठाण्याला निघाले. तिथल्या जुन्या एमआयडीसीत एका बंद कारखान्याची शेड हौशी मालकानं कार्यक्रमांसाठी मोकळी करून दिली होती. तीन वादक येणार होते – पियानो, डबल बास आणि ड्रम. जॅझच, पण धावतं नाही, अगदी संथ. आधी काही ठरवायचं नाही, एकमेकांचं ऐकत सुचेल तसं वाजवायचं, आणि दोन सुरांमध्ये भरपूर जागा सोडायची.

"म्हणजे बराच वेळ वाजवणारच नाहीत," पद्मजाबाई म्हणाल्या होत्या. "ते ऐकायला मी थंडीत एवढ्या लांब येऊ? तुम्ही जा."

दोघं पहिल्या रांगेत जाऊन बसतात न बसतात तोच गळ्यात हेडफोन अडकवलेला, हातात वायरींचं भेंडोळं घेतलेला एक तरुण समोर उभा राहिला.

"काका, जरा मागं बसता का? इथं समोरच माइक आहे. शिंक आली तरी रेकॉर्ड होती."

"शिंक येत नाही मला," मधुसूदनराव म्हणाले. "खोकला येतो."

"लई?"

"त्याच्या मूडवर आहे."

तरुण हसला. मग नीरजाकडे वळला. "आणि तुम्ही? तुम्ही पण खोकता का?"

"नाही. मी खोकणाऱ्यांना गप्प करते."

"मग आपला धंदा एकच," तो म्हणाला, आणि त्यांना तिथंच बसू दिलं.

मधुसूदनरावांनी लगेच चौकशी आरंभली. नाव सार्थक. गाव सिल्लोड. "वडील मका पिकवतात. मी लग्नांत डीजे लावतो, ते पोटासाठी. आणि हे…" त्यानं माइकची मान हलकेच वळवली. "हे कानांसाठी."

मग दिवे मंद झाले.

पियानोवाल्यानं एकच सूर वाजवला आणि हात मांडीवर ठेवून दिला. सूर विरत गेला, विरतच गेला… शेडमधल्या ट्यूबलाइटची गुणगुणसुद्धा ऐकू यायला लागली. मग खालून बास आला – कुणाची झोप मोडू नये म्हणून जड कपाट हळूहळू सरकवावं तसा. नीरजाला आधी हसू आलं, मग कंटाळा आला, आणि मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आपले खांदे सैल झालेत.

तेवढ्यात विमानतळावर उतरणारं संध्याकाळचं विमान शेडवरून घरघरत गेलं. पियानोवाल्यानं हात उचलले, पाहुण्याला वाट द्यावी तशी मान झुकवली, आणि ती घरघर ज्या सुरावर विरली, नेमका तोच सूर वाजवला. नीरजाच्या अंगावर काटा आला. कुणाला तरी सांगावं म्हणून तिनं मान वळवली… तर रेकॉर्डिंगच्या टेबलामागून सार्थक तिच्याकडेच बघत होता. तिनं छताकडे बघितलं. पत्र्याचं छत, त्यात बघण्यासारखं ते काय असणार! पुन्हा नजर खाली आली. तो अजून बघतच होता.

"नीरू," मधुसूदनराव कुजबुजले, "तो माइककडे बघत नाहीये."

"बाबा! श्शू!"

हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. त्या भल्यामोठ्या शांततेत खोकला घुमला. खुं-खुं… खुं.

नीरजाला खुर्चीसकट अदृश्य व्हावंसं वाटलं. पण ड्रमवाल्यानं वर न बघताच ड्रमवर तारांचा ब्रश टेकवला. छस्-छस्… छस्. तीच लय! बासवाला गालात हसला आणि त्यानं ती लय उचलली. पियानोनं ती कुरवाळली, लांबवली, मोठी केली. कितीतरी वेळ तिघं त्या खोकल्यावरच वाजवत राहिले. मधुसूदनराव वरपित्यासारखे ताठ बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळायच्या आधीच, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. खोकलेसुद्धा नाहीत.

पुढे महिनाभरानं नीरजाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी सार्थक. शेडमधला… काकांकडं त्यांचा नंबर मागितला होता. त्यांनी तुमचा दिला."

नीरजाला वायरींचं भेंडोळं आठवलं.

"एक विचारायचं होतं. रेकॉर्डिंग साफ करतोय. बाकीचे आवाज निघतात, पण काकांचा खोकला काढला तर ड्रमचं उत्तर लटकून राहतं. सवालच नाय अन् जवाब! जरा विचारता का काकांना, राहू देऊ म्हणून?"

"बाबा गेले," ती म्हणाली. "कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी."

पलीकडून आवाज आला नाही. वाईट वाटलं, कसं झालं, वय काय होतं, यातलं त्यानं काही विचारलं नाही. फोनही ठेवला नाही. महिनाभर येणारेजाणारे तिच्यावर वाक्यं रचून गेले होते, पण एवढी मोकळी जागा तिला कुणी दिली नव्हती. ती त्या शांततेत बराच वेळ उभी राहिली, आणि तोही पलीकडे तसाच.

"राहू द्या," अखेर ती म्हणाली. "खोकला राहू द्या."

मग फोन येत राहिले.

"एक खुर्ची करकरती. काढू?"

"काढा."

"विमान?"

"अजिबात नाही!"

"मग एक 'श्शू' आहे. ते तुमचं."

"ते आधी काढा!"

"नाय निघत. लई खोल गेलंय."

नीरजा हसली, मोठ्यानं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. तिनं दचकून स्वयंपाकघराकडे बघितलं. आईचा झारा क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

पण रेकॉर्डिंग काही जन्मभर साफ होत नसतं. एके दिवशी सार्थक म्हणाला, "आता वादकांना पाठवून देतो. विचारायचं काही उरलं नाही." मग थोडं थांबून, "म्हणजे… रेकॉर्डिंगमधलं."

तिला कळलं. आता तिनं बोलायचं होतं. पण या घरात मनातलं बोलायची रीत नव्हती. स्वेटर घेतलास का, पोहोचलीस की कळव – एवढ्यातच सगळं काही येऊन जायचं. कॉलेजात मुलांना तासन्‌तास प्रेमकविता शिकवणारी नीरजा म्हणाली, "बरं."

आणि मग घाईघाईनं, "एकदा घरी येऊन आईला ऐकवाल?"

एवढंच जमलं. तेवढी एक भेट झाली की त्याला इथं यायला कारण उरणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी संध्याकाळी तो दोन स्पीकर घेऊन आला. केस ओले, भांग चापूनचोपून पाडलेला.

"एवढाले खोके?" पद्मजाबाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांना वाटेल, आमच्याकडे वरात आहे."

"आवाज कमीच ठेवतो काकू."

"तुम्ही ऐका. मला त्यातलं कळत नाही." आणि त्या साबुदाणा भिजवायला आत निघून गेल्या.

पहिला सूर आला. नीरजानं डोळे मिटले. ट्यूबलाइटची गुणगुण, बास, विमान… आणि मग अगदी जवळून, कानात बोलावं तसं –

"नीरू, तो माइककडे बघत नाहीये."

नीरजानं डोळे उघडले. सार्थक स्पीकरकडे टक लावून बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"त्या दिवशी हेडफोनमध्ये तेव्हाच ऐकलं होतं मी," तो पुटपुटला. "हे पण… नाही काढलं."

तिचं श्शू. आणि मग, खुं-खुं… खुं.

आत भांडं वाजलं. पद्मजाबाई लगबगीनं बाहेर आल्या. हातात कोमट पाण्याचा पेला. मधुसूदनरावांच्या खुर्चीकडे त्या अर्धी खोली चालून गेल्या, आणि थांबल्या. खुर्ची रिकामी होती. स्पीकरमधून ड्रमचा ब्रश हळुवार उत्तर देत होता. नीरजाला उठायचं होतं.

उठला तो सार्थक.

"काकू, मला द्या."

दोन्ही हातांनी त्यानं पेला घेतला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायला. पद्मजाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"पाणी बसून प्यावं," त्या म्हणाल्या. आणि स्वतःच खाली बसल्या, ते थेट शेवटचा सूर विरेपर्यंत.

नंतर नीरजा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. त्यानं स्पीकर गाडीत ठेवले, उगाचच वायर दोनदा गुंडाळली.

"येतो," तो म्हणाला. पण त्या 'येतो'त परत येण्याचं काही दिसत नव्हतं.

"थांबा ना." फाटकाच्या कडीवर तिची बोटं घट्ट आवळली होती. "मी सगळ्यांना सांगायचे, बाबांना सोबत लागते म्हणून जाते कार्यक्रमांना. त्यांनाही तेच सांगायचे, कुरकुरत निघायचे… खोटं होतं ते. मला त्यांच्या शेजारी बसायला आवडायचं. जगात सगळ्यात जास्त. लहानपणापासून मला सगळीकडे नेलंत, बाबा, फार बरं केलंत, असं एकदा म्हणायला काय झालं होतं? पण मला वाटायचं, त्यांना माहीतच असणार."

"माहीतच असणार," सार्थक हळू म्हणाला.

"हो. पण ऐकायला मिळालं नाही त्यांना."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज कोपऱ्यावर विरला. त्यानं ती शांतता भरून काढली नाही, तिच्यासाठी तशीच राहू दिली. नीरजानं श्वास घेतला. 'तुम्ही' म्हणायचं सोडून दिलं.

"तू मला आवडतोस, सार्थक."