खालून शून्य

त्या दिवशी मी फक्त एक बॅटरी पोचवायला निघालो होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, तू तिथं काहीतरी शोधायलाच गेला असशील. तसं नव्हतं. आपाला जाऊन छत्तीस दिवस झाले होते. ऊन रणरणत होतं. माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चार्ज केलेली बॅटरी बांधलेली होती. दोरीचे तीन वेढे, दोन गाठी. गाठी मी पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो.

मांजरसुंब्याच्या चौकात माझं गॅरेज आहे. शाळा मी सातवीतच सोडली. माझी मोठी बहीण अदिबा, माझी आपा, ती मात्र शिकत राहिली. आभाळातून पडणाऱ्या बारीक कणांवर तिचं संशोधन चाललं होतं. मोठ्या शहरात जाऊन करायचं काम तिनं आमच्या भागात आणलं.

नेकनूरच्या अलीकडे एक बंद पडलेली जिनिंग आहे. पूर्वी तिथं कापसाचे ट्रक तोलायचे. त्या काट्याच्या लोखंडी पाटाखाली सिमेंटचा खोल खड्डा आहे. उन्हाळा असो की हिवाळा, आत सारखाच गारवा. आपानं तो खड्डा मालकाकडून मागून घेतला. वर पाटाला एक जाड प्लास्टिकची पाटी टांगली आणि तशीच दुसरी खाली जमिनीवर ठेवली. दोन्ही काळ्या कागदात गुंडाळलेल्या, कारण आत उजेडाचा एक कवडसा गेला तरी मोजणी बिघडते. ती गुंडाळणी माझी. गॅरेजमधली काळी टेप लावून मीच सगळे सांधे बंद केले होते. मधे एक पेटी, तिच्यावर दोन दिवे. कण आधी वरच्या पाटीतून गेला की हिरवा लागायचा. आधी खालच्या पाटीतून गेला की लाल.

हिरवा सारखा लागायचा. टिक... टिकटिक... टिक. गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. कुठलाही ताल नाही. लाल मात्र वर्षभरात एकदाही लागला नाही.

"आपा, ह्यो लाल कावून लागत न्हाई? उडाला असल बघ," मी एकदा म्हणालो.

"साडेनऊ बोटांच्या, खालून काय येणार? खाली अख्खी पृथ्वी हाय. ती काही सोडत न्हाई." माझ्या उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं पेर पंख्याच्या पट्ट्यात गेलेलं आहे. तिला चिडवायला तेवढं पुरायचं.

"मग दिवा लावलाच कशाला बे?"

"आपाला बे म्हणतो?" तिनं टपली मारली. "शून्य मोजायलाबी यंत्र लागतं, तौसीफ. खालून शून्य आलं, तरच वरून आलेलं खरं."

मग तिनं पेटीच्या दोन वायरी काढून उलट्या जोडल्या. हिरवा थांबला आणि लाल तडतडायला लागला. "बघ, दिवा चांगला हाय. जोडणारा उलटा असला की वरचं सगळं खालून आल्यावानी दिसतं." वायरी सरळ करून तिनं वहीत लिहिलं, किती वाजता उलट्या केल्या आणि किती वाजता सरळ. मी म्हणालो, हे कशाला लिहितेस, कोण बघतंय? ती म्हणाली, "आलं ते लिहायचं. आपल्याला नको असलेलं तर आधी लिहायचं."

तिच्या शेवटच्या दिवशी तिनं फोन केला होता. पेटीची बॅटरी उतरलीय, दुसरी घेऊन ये. मी आदल्या रात्रीच्या कामानं वैतागलेलो होतो. म्हणालो, "तुझा डबा, तूच ने." ती आली, स्वतः बॅटरी उचलून स्कूटीवर पायाशी ठेवली आणि दोरीनं बांधली. मी शटरच्या आत उभा राहून बघत होतो. दोर सैल होता. मला दिसलं. मेकॅनिकला दिसतंच. मी बोललो नाही.

चौकातल्या वळणावर बॅटरी सरकली, स्कूटी डगमगली. मागून ट्रक येत होता.

आमच्यात बाईच्या मय्यतीला कबरीत उतरवायचं ते भावानं, बापानं, सख्ख्या मामानं. अब्बा नाहीत. म्हणजे काम माझं होतं. मी तेव्हा धाब्याधाब्यावर त्या ट्रकवाल्याला शोधत फिरत होतो, हातात लोखंडी पाना घेऊन. तो सापडला नाही. मकसूद मामूंनी तिला एकट्यानं उतरवलं. सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली. मी दिली नाही. त्यानंतर मी कब्रस्तानाकडे फिरकलोही नव्हतो. मला रडूही आलं नव्हतं. जेवण, झोप, स्पार्क प्लग, सगळं चालू होतं.

मग तिच्या वनमाला मॅडमांचा फोन आला. त्यांच्याच हाताखाली आपा शिकत होती. "तिच्या शेवटच्या मोजणीत खंड पडलाय, तौसीफ. सलग बहात्तर तास मिळाले तर लेख पुरा होईल. पहिलं नाव तिचं राहील. चाळिसाव्या दिवशी मी यंत्र न्यायला येतेय, जागा परत द्यायची आहे. करशील? एक लक्षात ठेव, खालचा आकडा शून्यच राहायला हवा. तिथं काही आलं तर लोक यंत्रावरच शंका घेतील, आणि मग तिचं वर्ष वाया."

म्हणून मी बॅटरी घेऊन निघालो होतो.

जिनिंगवर बंकटकाका राखण करतात. त्यांनी फाटक उघडलं आणि सूर्याकडे बघितलं. "बाराच्या ठोक्याला खाली उतरू नको रं पोरा. थोडं कलू दे."

"दिवसाढवळ्या काय होतंय काका?"

"दिवसाढवळ्याच सावली पायाखाली जाती," ते म्हणाले आणि पाटाच्या कडेला तंबाखू मळत बसले.

मी लोखंडी शिडीनं उतरलो. वर डोळे फुटतील असं ऊन होतं आणि आत हात दिसत नव्हता. सरकीचा कुबट वास, जुन्या ग्रीसचा वास. मोबाईलच्या उजेडात बॅटरी जोडली, सुटलेल्या वायरी खोचल्या, बटण दाबलं.

लाल दिवा तडतडायला लागला.

सबंध खड्डा लाल झाला, विझला, लाल झाला. मी खालच्या पाटीशेजारी बसलो. मग आठवलं. वायरी उलट्या. त्या काढून सरळ केल्या आणि हिरवा लागला. टिक... टिकटिक... टिक. मला हसू आलं. छत्तीस दिवसांत पहिल्यांदा. सिमेंटमध्ये ते हसू माझ्यासारखं वाटलं नाही.

"काय झालं रं?" वरून काका.

"काही न्हाई. उलटं जोडलं होतं."

मी उठून दोन पाट्यांच्या मधे उभा राहिलो. तेव्हा हिरव्याच्या मधूनच लाल लागला. एकदा. दोनदा. तीनदा. मग थांबला. मी श्वास धरून मोजायला लागलो. दहा आकडे झाल्यावर पुन्हा तीनदा. पुन्हा दहा आकडे. पुन्हा तीन.

आपा म्हणायची, हे कण ठेका धरत नाहीत. ठेका दिसला की समजायचं, यंत्रात दोष आहे, नाहीतर माणसाचा हात आहे. मी वायरी तपासल्या. टेपवरून बोटं फिरवली. एकही सांधा उघडा नव्हता. पाटाच्या फटींतून उजेड येत असेल म्हणून काकांना वरून पोती टाकायला लावली. लाल तीनदाच लागत राहिला. मी शिडीनं वर आलो आणि वाकून बघितलं. लाल बंद, हिरवा चालू.

"काका, जरा खाली उभे राहता?"

ते कुरकुरत उतरले, पाच मिनिटं उभे राहिले. लाल लागला नाही. "कापूर कुणी जाळला हितं?" तेवढं म्हणून ते वर आले. मी उतरलो. खालच्या पायरीवर असतानाच लाल लागला. एक, दोन, तीन. कापराचा वास मलाही आला. कफनाला लावतात तसा, ओलसर.

"आपा...?"

हिरवा टिकटिकत होता. लाल थांबला होता. दहा आकडे. मग तीन.

पेटीवर मागचं सगळं पुसायचं बटण आहे. माझं बोट त्याच्यावर गेलं. दाबलं की खालून शून्य. तिचं नाव, तिचं वर्ष, सगळं सुरक्षित. मी दाबणारच होतो. मी नेहमी आधी करतो, मग विचार करतो. पण वही तिथंच उघडी होती, तिच्या बारीक अक्षरातली. आलं ते लिहायचं. मी वेळ लिहिली. वायरी उलट्या, मग सरळ. खाली लिहिलं: खालून ३, ३, ३. लिहिताना मला तो आकडा दिसला. नुसताच वहीत नाही. तीन मुठी, मी न दिलेल्या.

मी पेटी बंद केली आणि सरळ कब्रस्तानात गेलो.

तिची कबर मला शोधावी लागली. मुरूम वाळून दगड झाला होता. बाटलीतलं पाणी ओतून मी कडेची माती नखांनी उकरली. चिखलाचे गोळे झाले. प्रत्येक मुठीला म्हणायचे शब्द मला नीट येत नाहीत. मी प्रत्येक मूठ आवळली, कबरीवर ठेवली आणि प्रत्येक वेळी एकच म्हणालो. "दोर सैल होता. मला दिसलं होतं." तीनदा. कुठं काही हललं नाही. मलाही काही वाटलं नाही. हात तिथंच पुसले.

परत येऊन पेटी सुरू केली. लाल लागला नाही. मी मधे उभा राहिलो, बसलो, झोपलोसुद्धा. बहात्तर तास. अम्मी डबा पाठवायची, काका वरून दोरीनं सोडायचे. खालून शून्य.

चाळिसाव्या दिवशी सकाळी वनमाला मॅडम आल्या. आमच्या घरी फातेहाच्या जेवणाची भांडी लागत होती. त्यांनी खड्ड्यातच पेटीतले बहात्तर तासांचे आकडे वाचले. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ. जाईल तिचा लेख." मग वही चाळताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे वायरी उलट्या होत्या त्या दिवशीचं ना?"

"त्याच दिवशीचं. पण सरळ केल्यानंतरचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळ खोडली नाही. "तो दिवस बहात्तर तासांत येत नाही," एवढंच म्हणून त्यांनी वही पिशवीत ठेवली.

वरची पाटी आम्ही उतरवली. खालची उचलायला गेलो तर जड लागली. काळ्या कागदाखाली काहीतरी उंचवट्यासारखं हाताला लागत होतं. मॅडम म्हणाल्या, "ही पुन्हा गुंडाळलीस का?"

"न्हाई. वर्षापूर्वीची टेप हाय. माझीच."

त्यांनी मोबाईलचा उजेड धरून चारी कडा तपासल्या. एकही सांधा सुटलेला नव्हता. मग पातं घेऊन त्यांनी कडेनं कागद कापला आणि अलगद उलटला.

आत, प्लास्टिकवर, मुरमाच्या मातीचे तीन गोळे एका ओळीत ठेवलेले होते. प्रत्येकावर आवळलेल्या मुठीची बोटं उमटलेली होती. तिसरं बोट तिन्हींवर अर्धंच.

मॅडमांनी एका गोळ्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चार दिवस झाले होते, वर माती तापून भाजत होती.

गोळे ओले होते.