दिवटा आणि जांभळ्या बाटल्या

"दार! आधी दार लावा!" मी जवळजवळ किंचाळलेच.

दारात एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर शिडी, हातात वायरचं भेंडोळं... आणि त्याच्या मागून व्हरांड्यातली सगळी दुपार माझ्या अंधाऱ्या खोलीत घुसलेली. त्यानं घाईघाईनं दार लावलं, पण स्वतः आतच राहिला.

"लावलं," अंधारातून आवाज आला. "आता?"

"आता काय? झालं वाटोळं!"

मी दिवा लावला. त्याचा चेहरा इतका ओशाळलेला होता की अर्धा राग तिथेच पळाला.

"मेन बोर्ड शोधत होतो. तुमच्या संस्थेच्या सभागृहात आमचं नाटक आहे. मी दिवेवाला."

"बाहेर 'आत येऊ नये' अशी पाटी आहे."

"शिडीच्या आड गेली हो..."

टेबलावरच्या बाटलीकडे बघून त्यानं विचारलं, "हे सरबत आहे?"

"जिवाणू आहेत. जांभळे. उजेडावर जगतात. सगळा उजेड काही त्यांना वापरता येत नाही. थोडा चमक होऊन निसटतो. तीच मी मोजत होते. त्यासाठी सकाळपासून अंधारात ठेवले होते त्यांना."

"चमकत होते? मला तर काहीच दिसलं नाही."

"दिसणार नाहीच. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड असतो तो."

"म्हणजे मला न दिसणारी गोष्ट मी बिघडवली," तो गंभीरपणे म्हणाला. "आई उगीच दिवटा म्हणत नाही मला."

मला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला, पण ते त्याला दिसलंच.

त्याच आठवड्यात संस्थेनं वीज वाचवायला सगळीकडे नवे पांढरे दिवे लावले आणि माझ्या बाटल्यांची वाढच थांबली. जुन्या पिवळ्या, तापणाऱ्या बल्बमधून जो अदृश्य उजेड यायचा, त्यावरच तर ही मंडळी पोसली जायची. दिवटा सामान न्यायला आला, तेव्हा सहज त्याच्याकडे हे रडगाणं गायले. दुसऱ्या दिवशी तो खोकं घेऊनच हजर... त्याच्या थिएटरच्या अडगळीत पडलेले जुने बल्ब!

"चुकीची भरपाई," तो म्हणाला.

बाटल्या पुन्हा रंगू लागल्या. जुनेच बल्ब ते, अधूनमधून उडायचे. मग मी फोन करायची आणि तो यायचा. बल्ब बदलायला जेमतेम एक क्षण लागतो. आम्हाला मात्र चहाचे दोन-दोन कप लागायचे.

"ताई, उद्या जरा उशीर होईल हं," मी घरी सांगितलं. माझी थोरली बहीण आणि मी एकत्र राहतो.

"बल्ब उडालाय?" ताईनं वर न बघताच विचारलं. "का उडवलाय?"

एकदा मी त्याला कँटीनच्या टेबलावर कप मांडून दाखवलं. "यांच्या अंगात अशी कडी असतात. एकाला एक लागून. बाहेरचं कडं उजेड झेलतं, शेजारच्याला देतं, ते पुढच्याला... असं करत करत मधल्या केंद्रापर्यंत. तिथे त्या उजेडाचं चीज होतं."

"वेळ किती लागतो?"

"पापणी लवेपर्यंत अब्जावधी वेळा हातबदल होऊन जाईल."

"बापरे! इतकी घाई कशाला?"

"रेंगाळला तर ऊब होऊन विरून जातो."

त्यानं एक कप उचलला, पुन्हा जागेवर ठेवला. "आणि माझ्यासारख्या संथ माणसांनी काय करायचं हो?"

"त्यांनी... चहा गार व्हायच्या आत प्यावा," मी म्हटलं. कान मात्र माझेच तापले होते.

मग एका संध्याकाळी, बल्ब उडालेला नसताना, तो आला.

"मोठ्या थिएटरनं बोलावलंय. दुसऱ्या शहरात. कायमची नोकरी."

"छान," मी म्हटलं.

"छान?"

"म्हणजे... अभिनंदन."

तो थोडा वेळ खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरशी चाळा करत उभा राहिला. मग "येतो" म्हणाला आणि गेला.

"अगं, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?" घरी हे ऐकून ताई कडाडली. "कडी म्हणे, केंद्र म्हणे! त्या एवढ्याशा किड्यांना जमतं, आणि तू डोंगराएवढी होऊन..."

"किडे नाहीत गं ते, जिवाणू—"

"जा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या थिएटरवर गेले. रंगमंचावर थिएटरचे सुतारकाका नेपथ्याचं दार ठोकत होते. खुर्च्यांमागच्या अंधारातून, भोंग्यातून त्याचा आवाज आला, "कुणीतरी मधे उभं राहा रे, चेहऱ्यावरचा उजेड बघायचाय."

विचार करायला बसले असते तर तिथूनच परतले असते. मी पायऱ्या चढले आणि मधोमध जाऊन उभी राहिले. झक्क उजेड अंगावर आला. समोरचं सगळं थिएटर दिसेनासं झालं.

"थोडं डावीकडे... अजून थो—" आवाज अडखळला. "तुम्ही?"

"हो. आणि आता मधे बोलू नका, नाहीतर राहून जाईल. नोकरी छानच आहे. पण तुम्ही जाणार हे... हे मुळीच छान नाही."

हातोडी थांबली.

"या वर्षाअखेर माझा प्रबंध पुरा होतोय. बाटल्या काय, कुठल्याही गावात वाढतात. म्हणजे, मी तिकडे येऊ शकते. कुणी बोलावलं तर..."

भोंग्यातून अगदी हळू आवाज आला, "तू ये."

तू! इतके दिवस आमचं अहो-जाहोच चाललं होतं.

"अरे, माइक चालू आहे तुझा," सुतारकाका ओरडले.

"असू दे, काका. मी बोलावतोय. तू ये."

"येईन," मी त्या दिपवणाऱ्या उजेडाकडे बघत म्हटलं. "पण तू माझ्यासारखा 'छान' म्हणून मोकळा होऊ नकोस."

दिवे मंद होत गेले. खुर्च्यांमधून कुणीतरी धडपडत, ठेचकाळत पळत येत होतं. तो रंगमंचाखाली येऊन थांबला, धापा टाकत, आणि त्यानं हात वर केला. मी वाकून तो धरला. दिवे हाताळून हाताळून चांगलाच गरम झाला होता.

"भाजला का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. सोडलाही नाही.

सुतारकाकांनी हातोडी खाली ठेवली आणि सगळ्या मंडळींना चहासाठी बाहेर पिटाळलं.