निळा टॉवेल की पिवळा?

अकोटच्या त्या बालवाडीच्या दारात, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, एक पाटी होती. पाटीवर चार चित्रं. जोडलेले हात, हातात हात, टाळी आणि मिठी. सकाळी येणाऱ्या मुलाने हव्या त्या चित्रावर हात ठेवायचा आणि वर्षालीबाईंनी त्याचं तसंच स्वागत करायचं, असा तिथला रिवाज. रडत आलेलं मूलही पाटीपाशी येऊन विचारात पडायचं, आणि विचारात पडलेलं मूल रडायचं विसरतं हे वर्षालीला चांगलं ठाऊक होतं.

त्या सोमवारी मात्र पाटीवर पडलेला हात चांगला मोठा होता.

चंदाला एरवी तिची आई सोडायची. आता आईला अकोल्याची लवकरची बस धरावी लागे, म्हणून काका आला होता. पुतणीचे बूट काढायला तो वाकला, त्याचा तोल गेला, आणि भिंत धरायला गेलेला हात पाटीवर पडला. नेमका मिठीवर.

"मिठी! मिठी!" आतून सगळा वर्ग ओरडला.

"अरे, ते मोठे आहेत..." वर्षाली म्हणाली.

"नियम म्हंजे नियम, बाई!" चंदाने ठणकावलं. नियम बाईंनीच शिकवलेला, आता बोलणार काय?

काका सरळ उभा राहिला. केसांत, भुवयांवर, शर्टाच्या खांद्यावर जिनिंगच्या कारखान्यातला कापूस चिकटलेला, आणि त्या पांढऱ्या पसाऱ्यात चेहरा लाजून लाल.

"माफ करजा म्याडम... माहा हात घसरला."

"कळलं मला."

"पन पोट्टे तं सोडत नाहीत. आता?"

"पाहुण्यांची मिठी..." वर्षालीने सुचेल ते ठोकून दिलं, "पाहुण्यांची मिठी नंतर असते!"

"नंतर कवा?" त्याने विचारलं, मुलांसारख्याच भाबड्या आवाजात. डोळे मात्र अजिबात भाबडे नव्हते.

वर्षालीने जे काही उत्तर दिलं ते तिचं तिलाही नंतर आठवेना.

काकाचं नाव नितेश. जिनिंगमध्ये आलेल्या कापसाची प्रत पाहायचं त्याचं काम. दुसऱ्या दिवसापासून तो पाटीवरच्या जोडलेल्या हातांवर असा जपून बोट ठेवू लागला, जणू बाकीची चित्रं तापल्या तव्यावर काढली आहेत. वर्षाली नमस्कार करी. तिला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडा रागही आला. इतकं काय जपायचं माणसाने?

बरं, नमस्कार झाला की निघावं. तर तेही नाही. चंदाच्या दप्तराचा बंद उगाच सारखा करत तो भिंतीकडे पाहत राही. भिंतीवर दिवसभराची चित्रं ओळीने टांगलेली होती: गाणं, खेळ, हात धुणं, डबा, झोप, गोष्ट. एक काम झालं की मुलं ते चित्र उलटं करत.

"हे काहून जी?"

"पुढे काय होणार ते कळलं की मुलं घाबरत नाहीत. आपण बोललेलं हवेत जातं. चित्र जागेवर राहतं."

पुढच्या दिवशी त्याची नजर वाळूच्या घड्याळावर. "लवकर आटप म्हटलं की कोणी आटपत नाही," वर्षाली सांगू लागली, "वाळू खाली येईस्तोवर म्हटलं की आटपतं." तो ऐके तेव्हा सगळा चेहरा ऐकत असे. प्रशिक्षणाला आलेल्या बाया एवढं ऐकत नाहीत. तिला सांगावंसं वाटे... आणि सांगताना आपली वेणी नीट आहे ना, असंही वाटे.

मग एकदा त्याने आवाज खाली घेऊन विचारलं, "म्याडम, कोणी आंघोळीलेच नाही म्हनत असंन तं?"

"आंघोळ करतोस का, असं विचारायचंच नाही. हो-नाहीचं विचारलं की नाहीच येतं. दोन पर्याय द्यायचे, आपल्याला दोन्ही चालतील असे. निळा टॉवेल की पिवळा?"

तो हसला. "म्हंजे आंघोळ तं झालीच!"

"झालीच. पण ठरवलं त्याने. त्याचा मान राहिला."

"मान..." त्याचं हसू एकदम मावळलं. चंदाचं दप्तर खुंटीला अडकवून तो गेला.

दुसऱ्या सकाळी मात्र दारातूनच ओरडला. "म्याडम, पिवळा! पिवळा घेतला!"

"कोणी?"

"हाये घरी एक जन. लय जिद्दी!" आणि फटफटीला किक मारून गेलासुद्धा.

झालं. वर्षालीच्या डोक्यात भुंगा शिरला. घरी एक जण म्हणजे कोण? चंदाला भावंडं नाहीत. मग मूल कोणाचं... त्याचं? म्हणजे बायकोही असणार. असेल तर असो, पण मग 'नंतर कवा' असं विचारताना डोळे तसे कशाला करायचे?

"बीवी असंन, लेकरू असंन," सोबतची शिक्षिका गजाला डबे लावत म्हणाली. "सीधं पूछ ना त्याले. मुंह में दही जमलं का?"

"मी काहून विचारू? माझं काय जाते?"

"तुझं काय जाते ते तुझ्या चिमट्याले पूछ."

वर्गात चेहऱ्यांचा एक फळा होता. हसरा, रडका, रागावलेला, आणि भुवया वाकड्या झालेला गोंधळलेला. आल्यावर प्रत्येकाने आपल्या नावाचा चिमटा, दोरीवर कपड्यांना लावतात तोच, मनात असेल त्या चेहऱ्याला लावायचा. बाईंनीही लावायचा, नाहीतर मुलांना खरं वाटत नाही. वर्षालीचा चिमटा कितीतरी दिवस गोंधळलेल्या चेहऱ्यावरून हललेला नव्हता. "बाई, मोठा श्वास घ्या," असा सल्लाही वर्गाने देऊन झाला. तिचाच सल्ला, तिलाच परत.

घरीही सुटका नव्हती. अकोटात ती वच्छलामावशीकडे राहायची. आईवडील बडनेऱ्याला, आणि तिथलंच एक स्थळ दाराशी येऊन थांबलेलं. किशोर, रेल्वेत नोकरी, शांत स्वभाव, मुलगी पसंत. उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं.

"पोरगा लाखात एक हाये," मावशी ताटात भाकर वाढत म्हणाली. "तुले अडचन काय हाये ते तं सांग वं बाई!"

अडचण सांगता आली असती तर चिमटा हलला नसता का? किशोरला नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि हो म्हणताना नितेशचे कापूस लागलेले केस डोळ्यांसमोर येत. ज्याच्या घरात कोण आहे हेही माहीत नाही, त्याच्यासाठी चांगलं स्थळ सोडायचं? वेडेपणाच नाही का हा?

शनिवारी सकाळी मुलांनी हवेच्या तक्त्यावर हसरा सूर्य लावला, आणि शाळा सुटायच्या वेळी भर माघात पाऊस भुरभुरायला लागला. नितेश चंदाला घ्यायला आला. नमस्कार केला आणि घुटमळला.

"म्याडम, ही दारातली पाटी एक दिवस नेऊ का? घरी करून पाहिली, पन माप चुकलं."

वर्षालीचा बांध फुटला. "कोणासाठी? घड्याळ कोणासाठी, टॉवेल कोणासाठी? मुलगा आहे का तुम्हाला?"

"मले?" तो बघतच राहिला. "मुलगा? अवं बाप्पा... माहं लगन तं होऊ द्या आधी!" मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं. "चला. दाखवतोच."

छत्री एकच होती, चंदाची, बदकाच्या तोंडाची. ती चंदानेच घेतली. मागून दोघं भिजत चालली होती, आणि वर्षालीला थंडी वाजायला हवी होती ती वाजत नव्हती.

घराच्या ओसरीत खाटेवर एक उंचपुरा म्हातारा तक्क्याला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित.

"माहे बाबा. चंद्रभान," नितेश म्हणाला. "बाजारात कापसाचा लिलाव पुकारत. एक वार... दोन वार... म्हनून थांबले का अख्खा बाजार श्वास धरे. दिवाळीत झटका आला. हात गेला, वाचा गेली. समजते सगळं. पन लोक येऊन, ऐकू येत नसल्यावानी कानाजवळ ओरडत. मंग यायनं आंघोळ सोडली, जेवन सोडलं."

भिंतीवर दिवसाची चित्रं टांगलेली होती. चहा, दाढी, पेपर, हाताचा व्यायाम. व्यायामाजवळ वाळूचं घड्याळ. खुंटीवर दोन टॉवेल, निळा आणि पिवळा.

"लेकराचं म्हनून नाही आनलं जी," तो घाईने म्हणाला. "मान राहते असं तुमी म्हनलं होतं. म्हनून आनलं."

वर्षालीचे डोळे भरून आले. आपण काय काय समजलो होतो! लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंदच जास्त झाला. चंद्रभानबाबांनी डाव्या हाताने खाटेजवळच्या पाटीवरचे जोडलेले हात दाखवले. तिने वाकून नमस्कार केला. नितेशची आई तिला बसवून चहा टाकायला आत गेली, चंदा आजीच्या मागे पळाली.

पाटीवर तीनच चित्रं होती. चौथी जागा रिकामी.

"इथं काहून नाही?" घरचीच भाषा तिच्या तोंडी आली.

"थे तुमच्याजवळ राहिलं हाये ना. नंतर म्हनलं होतं तुमी."

बाहेर पन्हाळीचं पाणी टिपटिपत होतं. वर्षाली ओल्या ओढणीचं टोक पिळत राहिली.

"उद्या मला बडनेऱ्याला उत्तर द्यायचं आहे," ती म्हणाली. "स्थळ आलंय. रेल्वेत आहे."

नितेशचा चेहरा उतरला. "चांगला हाये?"

"चांगला आहे."

"मंग..."

"मंग काय ते तुमी सांगा ना! रोज नुसता नमस्कारच करून राहिले तुमी!"

"काय करू? पह्यल्याच दिवशी हात भलतीकडं पडला. वाटलं, पुन्हा चुकला तं तुमी वर्गातच येऊ देनार नाही." तो थांबला. "विचारनार होतो जी. पन हो-नाहीचं विचारलं का नाहीच येते म्हने..."

"मग दोन पर्याय द्या."

त्याने खुंटीवरच्या टॉवेलांकडे पाहिलं. "बाबाले भेटाले रोज संध्याकाळी याल... का एकदाच याल, कायमच्या?"

वर्षालीला हसू फुटलं. लबाड! आंघोळ तर झालीच होती, टॉवेल तेवढा ती निवडणार होती. तिचंच शस्त्र तिच्यावर चालवलं होतं याने.

तेवढ्यात खाटेच्या लाकडावर ठक्क आवाज झाला. चंद्रभानबाबांनी डावा हात आपटला होता. ते वर्षालीकडे पाहत होते. पुन्हा ठक्क. मग हात वर गेला आणि तसाच थांबला. चेहऱ्यावर जुना बाजार जागा झाला होता, ओठ हलत होते पण शब्द येत नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. तिसरा ठोका पडला की सौदा पक्का.

नितेशने श्वास धरला.

"एकदाच," वर्षाली म्हणाली. "कायमची."

हात खाली आला. ठक्क!

आतून कपबशा वाजल्या, चंदा धावत आली आणि काका काहून रडून राहिला म्हणून विचारू लागली. वर्षालीने पदर नव्हता म्हणून ओढणीनेच डोळे पुसले. आईला आज संध्याकाळीच फोन करायचा, रविवारची वाट कशाला पाहायची?

"अन् चौथं चित्र मी काढीन," ती नितेशला म्हणाली. "तुमी काढलेल्या माणसायचे हात पाहा बरं, किती आखूड... असे हात मिठीले पुरतील का?"