राखण्याने ऐकलेली धामण

ज्याने जन्मात थेंबभर दूध चाखलं नाही असा यंत्रमानव छातीठोकपणे सांगत होता, "धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते." हे त्याला शिकवलं तरी कोणी? शलाकाने कपाळावर हात मारला.

वैरणीत धामण शिरली होती. चंद्री म्हैस हल्ली दूध कमी देत होती आणि शलाकाचे बाबा काठी घेऊन वैरण उपसायला निघाले होते.

"बाबा, थांबा की! बिनविषारी असते ती!"

"इषाचं कोण बोलतंय? दूध पळवतीया ती. राखण्या बी त्येच सांगतोय न्हवं?"

राखण्या म्हणजे गोठा राखणारा यंत्रमानव. तालुक्यातल्या गोठ्यागोठ्यांत त्याची भावंडं होती. रोज संध्याकाळी ती एकमेकांना नवं ज्ञान पाठवत. आज हेही जाणार! मग किती धामणी मरतील?

"राखण्या, तुला हे कुठून कळलं?"

"श्रवण-संवेदकांकडून (माझ्या यांत्रिक कानांकडून). गावात पुष्कळ माणसे असे म्हणतात."

"आणि डोळ्यांनी किती वेळा पाहिलंस?"

राखण्याचा दिवा लुकलुकला. "एकदाही नाही."

इथेच तर मेख होती. राखण्या यंत्रशिक्षणाने (उदाहरणांवरून आपलं आपण शिकून) शहाणा झालेला. एकच ऐकीव गोष्ट शंभर तोंडांतून आली, की तो ते शंभर पुरावे धरी. माणसं तरी वेगळं काय करतात? मांडुळामुळे गुप्तधन सापडतं अशी कोणीतरी आवई उठवली, आणि बिचारी मांडुळं चोरून विकली जाऊ लागली. उलट वारुळाला हात लावू नये म्हणतात, म्हणून तिथला नाग वाचतो. लोक काय मानतात, यावर त्या मुक्या जिवांचं जगणं ठरतं.

बाबांनी वैरणीची पहिली पेंढी ओढलीसुद्धा. शलाका घाईघाईने विचारू लागली, "राखण्या, दूध ओढायला काय लागतं?"

"मऊ ओठ आणि गाल."

"धामणीला असतात?"

"नाही. आत वळलेले टोकदार दात असतात."

"ते सडाला टोचले तर?"

"चंद्री लाथ मारील."

बाबांचा हात थबकला. "मग दूध जातंय कुटं?"

"रेडकू दुपारी दावे सोडवून पिते. मी पाहिले आहे."

"आरं मुडद्या, मग सांगिटलं का न्हाईस?"

"कोणी विचारले नाही."

बाबा ओशाळून हसले, पण काठी काही खाली ठेवली नाही. "मग ही हितं आली कशाला?"

"उंदीर खायला," राखण्या म्हणाला.

शलाकाला मात्र चैन पडेना. तिने राखण्याकरवी सगळ्या गोठ्यांना विचारलं, "धामणीला दूध पिताना पाहिलंत का?" उत्तरं येऊ लागली. नाही. नाही. नाही. मग एक उत्तर आलं, "पाहिले नाही. मात्र येथील धामण आज सकाळी मारली."

शलाकाचे डोळे भरून आले. बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाकरून म्हणाले, "राखण्या, माझा आवाज समद्या गोठ्यांत जाऊ दे. यंत्राचं सांगणं कोण मनावर घेतंय?" मग मोठ्याने बोलले, "मंडळी, धामण दूध पीत न्हाई. मीच चुकलो हुतो."

कुठल्याशा गोठ्यातून एका बाईचा आवाज आला, "खरंच व्हय? आमच्या वैरणीत बी हाय एक. ह्यांनी आत्ताच काठी उचललीया."

"मारू नका!" बाबा आणि शलाका एकदमच ओरडले.