धुरी द्यायला येते ती

मयूर विहारच्या बाजारात ओवा मिळाला, पण बाळंतशोपा काही मिळेनात. "सौंफ ले जाओ बाबूजी, एक ही बात है," दुकानदार म्हणाला. एकच गोष्ट नव्हती, पण वाद घालायची उमेद विश्वनाथांना उरली नव्हती. ओव्याची पुडी आणि थोडे कोळसे पिशवीत टाकून ते उन्हातून परत निघाले.

लेकीच्या बाळंतपणाला आई लागते. पत्नी सरला जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून तर्कशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक पुण्याहून दिल्लीला आले होते. जावई धीरज नव्यानंच भारतात आलेल्या एका परदेशी कंपनीत होता. बारसं उरकताच तो ट्रेनिंगसाठी सिंगापूरला गेला. सोसायटी नवीकोरी. बहुतेक फ्लॅटना कुलपं. लोकांनी पैसे भरून ठेवले होते, राहायला कुणी आलं नव्हतं. वारा सुटला की वरखालच्या रिकाम्या घरांतून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज येई.

देवयानी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. सातव्या महिन्यापासूनच तिचं बोलणं आटत गेलं होतं. आता तर पोर रडून रडून लाल झालं तरी ती कूस बदलत नसे. दुधानं गाऊन भिजून जाई.

"देवू, घे ना गं त्याला."

"घेते," ती म्हणे. आणि घेत नसे.

डॉक्टरला दाखवावं का? पण सांगायचं काय? मुलगी उदास आहे म्हणून? उद्या जावई म्हणायचा, माझ्या बायकोला वेड्यात काढलंत. विश्वनाथ रोज ठरवत आणि रोज स्वतःलाच खोडून काढत.

त्या दुपारी त्यांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. घरभर धुरीचा वास होता. ओवा, वावडिंग, लसणीची सालं. बाळ तेलानं चकाकत, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, शांत झोपलं होतं. देवयानीची वेणी घातलेली होती.

"हे कुणी केलं गं?"

"ती करून गेली. धुरी द्यायला येते ती." देवयानीनं डोळे मिटले. "तुम्हीच बाई लावलीत ना?"

धीरजनं लावली असणार, विश्वनाथांनी ताडलं. पोरगा दिसतो तसा बेफिकीर नाही तर! कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

बाई रोज दुपारीच येई, ते लवंडलेले असताना. जाग आली की बंद दाराआड थोपटल्याचा आवाज येत असे. थप्... थप्... थप्. बाळंतिणीला तेल लावत असताना पुरुषानं आत जायचं नसतं, म्हणून ते कधी गेले नाहीत. बाळ रडेनासं झालं. त्यांना हायसं वाटत होतं, आणि तरी त्यांची चुळबुळ थांबत नव्हती. देवयानी आता पाळण्याकडे बघतसुद्धा नव्हती.

रविवारी संध्याकाळी सिंगापूरहून फोन आला. "बाबा, तुम्ही बाई लावलीत ते बेस्ट केलंत. देवू सांगत होती."

"धीरजराव... मला वाटलं, तुम्ही लावलीत."

"मी? नाही हो. मला कोण मिळणार तिथे?"

खाली गेटवर त्यांनी चौकीदाराला विचारलं. तो हसला. "इस टावर में कौन आएगा बाबूजी? दोपहर में तो कुत्ता भी नहीं आता."

ते लेकीच्या उशाशी येऊन बसले. "दिसायला कशी आहे गं ती?"

"पाठमोरीच असते."

"बोलते काही?"

"म्हणते, तू नीज. मी आहे ना." तिनं भिंतीवर नखानं रेघ ओढली. "आज दुपारी म्हणाली, तुला जड झालाय ना हा... नेऊ का मी?"

"मग? तू काय म्हणालीस?"

"न्या म्हटलं. उद्या येते म्हणाली." तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं, आवाजात मात्र काहीच नव्हतं. "बाबा, खरंच नाही हो जमत मला."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी दाराला साखळी घातली आणि बाळाला मांडीवर घेऊन तिच्याच खोलीत बसले. दुपार कलली तशी आंधी उठली. यमुनेकडून पिवळी धूळ आली आणि खिडकी काळवंडली. पंखा बंद पडला. रिकामी घरं कण्हू लागली.

मग वास आला.

मांडीवरचं दुपटं जरासं दबलं, वर आलं, पुन्हा दबलं. थप्... थप्... त्यांचे दोन्ही हात बाळाच्या मानेखाली होते.

"देवू," त्यांनी कसाबसा आवाज काढला, "आलीय गं ती... तू हो म्हणाली आहेस. आता 'नाही'सुद्धा तूच म्हण."

दुपट्याची एक कड हळूच उचलली गेली. बाळ त्यांच्या मांडीवर हलकं होऊ लागलं... दिवसचे दिवस न उठलेली त्यांची लेक कोपरावर उठली, धडपडली, आणि तिनं बाळ ओढून छातीशी धरलं.

"नाही. नका नेऊ... मला जमत नाहीये, पण... माझा आहे तो."

पुढची कितीतरी मिनिटं खोलीत फक्त तिघांचे श्वास होते. मग बाळानं भोकाड पसरलं, आणि देवयानीही तितक्याच मोठ्यानं रडू लागली.

सकाळी विश्वनाथांनी खोडून काढायला स्वतःला वेळच दिला नाही, टॅक्सी बोलावली. त्यांनी बाळाचे चिमुकले पाय पुसून मोजे चढवले. वाटेत देवयानीनं बाळाला क्षणभरही सोडलं नाही.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. सगळं ऐकून त्यांनी देवयानीच्या डोक्यावर हात ठेवला. "यह बीमारी है बेटा, तुम्हारी गलती नहीं. थकान में ऐसा दिखता भी है, सुनाई भी देता है. दवा से ठीक हो जाओगी."

विश्वनाथांनी चष्मा काढून डोळे पुसले. इतकं सोपं होतं तर!

"लाओ, ज़रा मुन्ने को भी देख लें." बाईंनी बाळाचा डावा मोजा उतरवला आणि कौतुकानं हसल्या. "अच्छा! नानाजी ने काजल लगाया है?"

तळपायावर तीट होती. ठसठशीत, गोल. दूरच्या प्रवासाला निघालेल्या बाळाला लावतात तशी. बाईंनी बोट फिरवलं, तर ते काळं झालं. काजळ अजून ओलं होतं.

विश्वनाथांनी टेबलावरचा मोजा उचलला आणि उलटा केला. आतून तो पांढराशुभ्र होता.